महोगनीचा जप आणि हार्डबोर्डची गिटार

ठाणे-नवी मुंबईत गिटार शिकणाऱ्यांच्या आणि त्यांच्या आईवडिलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. दिवाळीच्या आगेमागे त्याला विशेष ऊत येतो, कारण तेव्हाच 'मुलाला इलेक्ट्रिक घ्यायचीय, कोणती घेऊ?' हा प्रश्न घरोघरी निघतो. मजकुराचं सार असं: इलेक्ट्रिक गिटारचा टोन (आवाजाचा पोत) लाकडातून येतो, म्हणून खरी गिटार महोगनी, ॲश नाहीतर आल्डरचीच. नाव न ऐकलेल्या ब्रँडच्या गिटारी म्हणजे प्लायवूडची खेळणी, मोठे वादक त्यांना हात लावत नाहीत. गिटार जितकी जुनी, तितका टोन पिकलेला. आशियातल्या कारखान्यात टोन बनत नाही. आणि शेवटी, अमेरिकन गिटार परवडत नसेल तर पैसे साठेपर्यंत थांबा. खाली 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा' आहेच. पोहोचवतो, पण उत्तरासकट.

लाकडापासून सुरुवात करू, बाकीचा डोलारा त्यावरच उभा आहे. अकूस्टिक गिटारला हे सगळं लागू आहे. तिथे तार ब्रिजला (तारा टेकतात त्या घोडीला) हलवते, ब्रिज वरच्या पातळ फळीला आणि फळी हवेला. फळी स्प्रूसची की सीडरची, याने आवाज बदलतो. इलेक्ट्रिकमध्ये ॲम्पकडे जाते ती वीज, आणि ती तयार होते पिकअपमध्ये. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती इनॅमल चढवलेल्या तांब्याच्या वायरचे काही हजार वेढे. वागळे इस्टेटमध्ये किंवा रबाळ्याच्या एमआयडीसीत मोटार रिवाइंडिंगच्या गाळ्यांत दिसते त्याच जातीची वायर, फक्त फार बारीक. 42 गेजची म्हणजे साधारण मिलिमीटरचा सोळावा भाग. पोलादी तार चुंबकाजवळ हलली की वेढ्यांत वीज उपजते. शाळेच्या विज्ञानात फॅरेडेचं नाव येतं तोच हा नियम. खात्री करायची असेल तर त्याच महोगनीच्या गिटारवर नायलॉनच्या तारा चढवा आणि छेडा. लाकूड जागच्या जागी आहे, तार हलतेय, आणि ॲम्प गप्प.

यावर ठरलेला प्रश्न येतो: 'मग बॉडीवर टकटक केली की ॲम्पमधून ऐकू कशी येते?' रास्त शंका आहे. टकटक केल्यावर तारा हलतात, त्यांच्या तुलनेत पिकअपही हलतो, आणि पिकअप मेणात नीट भिजवलेला नसेल तर त्याचे वेढेसुद्धा थरथरतात. बॉडी आणि नेक (गिटारीची मान) तारेची थोडी शक्ती खातात, त्यामुळे आस, म्हणजे छेडलेला सूर, किती टिकते आणि एखादा सूर कुठे चटकन मरतो यात त्यांचा वाटा असतोच. वजन आणि हाताला येणारा भाव तर वेगळाच असतो. पण 'वाटा असतो' आणि 'टोन तिथूनच येतो' यांत फार मोठी दरी आहे. दुकानात प्लग न लावता बॉडीला कान चिकटवून मान डोलावणारे लोक जे ऐकत असतात, ते पिकअपला ऐकूच येत नाही.

ही दरी किती मोठी आहे हे लोकांनी ऐंशी वर्षांपूर्वीच दाखवून दिलंय. गिटारवादक लेस पॉलने 1940च्या सुमारास एपिफोन या गिटार कंपनीच्या कारखान्यात चार बाय चार इंचाच्या पाइनच्या ठोकळ्याला नेक, तारा आणि पिकअप लावले. लोकांना गिटारसारखं दिसावं म्हणून दोन्ही बाजूंना एका गिटारीचे कापलेले अर्धे भाग चिकटवले. हा तोच लेस पॉल, ज्याच्या नावाची गिटार आज 'महोगनीचा टोन' म्हणून विकली जाते. 1969 साली डॅन आर्मस्ट्राँगने ॲम्पेग कंपनीसाठी पारदर्शक ॲक्रिलिकची गिटार बनवली, ती रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने स्टेजवर वाजवली. स्टाइनबर्गरने पुढे कार्बन-ग्राफाइटचा, लाकडाचा तुकडाही नसलेला बास आणला. हल्ली नॅशव्हिलच्या एका गिटारवादकाने तर बॉडी आणि नेक दोन्ही काढून टाकले, दोन बाकांच्या मध्ये तारा ताणल्या, खाली पिकअप ठेवला आणि आवाज गिटारीचाच आला.

फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने 1956च्या सुमारास ॲशवरून आल्डरकडे मोर्चा वळवला तो मुख्यतः आल्डर सहज मिळायचं आणि रंगवायला सोपं म्हणून. 2020मध्ये कंपनीने ॲशचा वापर पुन्हा आवरता घेतला, कारण ते झाड पोखरणाऱ्या किड्याने आणि मिसिसिपीच्या पुराने लाकूड मिळेनासं झालं. लाकडाच्या बाजारात जे परवडलं ते वापरलं, आणि नंतर आपण त्याचा मंत्र केला. बाय द वे, कंपनीचा संस्थापक लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती.

मग टोन बदलतो कशाने? पिकअप तारेच्या कुठल्या भागाखाली आहे याने, आणि तो तारेपासून किती दूर आहे याने. स्क्रूड्रायव्हर घ्या, पिकअपच्या दोन टोकांचे स्क्रू बघा. खर्जाच्या तारांकडचा स्क्रू अर्धा फेरा खाली घ्या आणि परत वाजवा. भसाडा वाटणारा आवाज सुटा होतो. पिकअप फार वर असेल तर चुंबक तारेलाच ओढतो आणि वरच्या फ्रेट्सवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सूर बेसूर लागतात. लोक मात्र म्हणतात, गिटार ट्यूनला राहत नाही. व्हॉल्यूमच्या नॉबखालचा पॉट (बदलता रोध) 250 किलोओहमचा की 500चा, याने तार सप्तकाची चमक बदलते. केबल तीन मीटरची काढून दहा मीटरची लावली तर केबलच्या कपॅसिटन्समुळे (वीज साठवण्याच्या गुणामुळे) तीच चमक मरते. आणि सगळ्यांत मोठा वाटा ॲम्पचा आणि त्याच्या स्पीकरचा. 2019च्या डिसेंबरात नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर यूटू हा आयरिश बँड आला तेव्हा त्याचा गिटारवादक एज याने गिटारी बदलल्या कितीतरी, पण आवाज एजचाच राहिला, कारण त्याची ओळख डिलेमध्ये (प्रतिध्वनी देणाऱ्या इफेक्टमध्ये) आणि व्हॉक्स ॲम्पमध्ये आहे. आपल्याकडे तर वन बीएचकेमध्ये ॲम्पच्या व्हॉल्यूमचा नॉब दोनच्या पुढे गेला की खालच्या मजल्यावरून काकू येतात. अशा घरात महोगनीचा टोन शोधणारा माणूस प्रोसेसर (ॲम्पची नक्कल करणारं यंत्र) आणि हेडफोन नीट निवडेल तर जास्त सुखी होईल.

ठाण्यातल्याच एका दुकानात ऐकलेला संवाद. मुलगा गिटार मांडीवर घेऊन बसलेला, आई विक्रेत्याला विचारतेय, 'दादा, महोगनीचीच आहे ना?' 'ताई, ओरिजिनल महोगनी.' त्या वेळी पोराच्या हातातली सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर खणखण वाजत होती. तिच्याबद्दल दोघांनीही चकार शब्द काढला नाही.

आता 'नाव न ऐकलेले ब्रँड, प्लायवूडची खेळणी'. इथे मला डॅनइलेक्ट्रोबद्दल सविस्तर लिहायचंय, कारण ही कंपनी प्लायवूडच्याही खालच्या पायरीवर होती. नेथन डॅनियलने ती 1947मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीला काढली. आधी ॲम्प बनवले, 1954पासून गिटारी. दोनच वर्षांत त्याने जी रचना पक्की केली ती ऐकून आजचा कोणीही टोनपंडित डोक्याला हात लावेल. आत पॉप्लर किंवा पाइनची चौकट, वर आणि खाली मेसोनाइट. मेसोनाइट म्हणजे हार्डबोर्ड, परीक्षेला नेतो त्या जुन्या तपकिरी पॅडचा. कडेचा सांधा दिसू नये म्हणून भोवती रेक्झिनची पट्टी. नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) ॲल्युमिनियमचा, ब्रिजवर लाकडाचा एक तुकडा, नेकमध्ये न फिरणाऱ्या पोलादी सळ्या. आणि पिकअप? लिपस्टिकच्या धातूच्या नळ्या घाऊक आणल्या, आत चुंबक आणि त्यावर गुंडाळलेली वायर सरकवली, संपलं. आजही त्यांना लिपस्टिक पिकअपच म्हणतात. दोन्ही पिकअप एकदम चालू केले की ते सिरीजमध्ये (एकामागे एक) जोडले जातात, म्हणून मधल्या जागेवर आवाज पातळ न होता उलट भरतो. एकेकटा पिकअप मात्र स्वच्छ, टणक आणि किंचित पोकळ वाजतो, आणि तो आवाज महागड्या गिटारीतून काढायला नाकी नऊ येतात.

यातल्या बऱ्याच गिटारी सिअर्स या दुकानसाखळीच्या कॅटलॉगमधून सिल्व्हरटोन नावाने विकल्या गेल्या. साठच्या दशकात एक मॉडेल असं होतं की पेटीच्या झाकणातच ॲम्प आणि स्पीकर. पेटी उघडायची, उभी करायची, वाजवायला बसायचं. म्हणजे अगदी उघडउघड, शिकणाऱ्या पोरांसाठी केलेला स्वस्त माल. 'मोठे वादक हात लावत नाहीत' म्हणणाऱ्यांनी आता ऐकावं: जिमी हेंड्रिक्सच्या सुरुवातीच्या गिटारींत एक लाल सिल्व्हरटोन होती. लेड झेपलिनचा जिमी पेज डॅडगॅड ट्यूनिंगसाठी (तारा डी-ए-डी-जी-ए-डी सुरांत लावण्यासाठी) मैफलींत डॅनइलेक्ट्रो घ्यायचा. पिंक फ्लॉइडचा सिड बॅरेटही ती वाजवायचा. यांच्यापैकी पेजला तरी पैशाची अडचण नक्कीच नव्हती.

आणि आपल्याला जवळची गोष्ट. 1967मध्ये डॅनइलेक्ट्रोने व्हिन्सेंट बेल या वादकाबरोबर कोरल नावाने इलेक्ट्रिक सितार काढली. बाजूला 13 तरफेच्या (मुख्य तारांबरोबर आपोआप झंकारणाऱ्या) तारा लावल्या, पण खरी करामत ब्रिजची. अरुंद ब्रिजऐवजी रुंद, किंचित उताराचा ब्रिज, त्यावर तार टेकत-सुटत थरथरते आणि झंकार निघतो. ही आपली जवारी. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवून तासन्‌तास जे साधतो, त्याचाच तो ढोबळ अमेरिकी अवतार. सितारियाला तो कर्कश वाटेल, वाटू दे. मुद्दा असा की सहा तारांच्या गिटारीचा आवाज ओळखू न येण्याइतका बदलला तो तार जिथे टेकते तो बोटभर भाग बदलल्याने.

कंपनी 1966मध्ये विकली गेली, 1969मध्ये बंद पडली, नव्वदच्या दशकाअखेरीस नाव पुन्हा बाजारात आलं. आज तशाच धाटणीच्या गिटारी आशियातल्या कारखान्यांत बनतात.

तिथूनच आशियाचा मुद्दा, तो लवकर संपतो. 1982मध्ये फेंडरच्या जपानी गिटारी फुजिगेनच्या कारखान्यात बनू लागल्या आणि त्यांतल्या सुरुवातीच्या आज संग्राहक शोधत फिरतात. कॉर्ट ही कोरियन कंपनी इंडोनेशियात स्वतःच्या नावानेही गिटारी बनवते आणि पीआरएस या अमेरिकन कंपनीची एसई मालिकाही. उलट अमेरिकन गिटारीच्या फिंगरबोर्डवर जे रोझवूड मिरवतं, ते पुष्कळदा आपल्या दक्षिणेतल्या शिसवीचं असतं.

टोन पिकण्याबद्दल: गिटारीचं लाकूड वाळतं, फ्रेट झिजतात, पॉट खरखरतात. पन्नासच्या दशकातल्या ज्या गिटारी आज उरल्यात त्या मुळात चांगल्या होत्या म्हणून जपल्या गेल्या. वाईट होत्या त्या केव्हाच चुलीत गेल्या असतील.

मजकुरात एक गोष्ट खरी आहे. स्वस्त गिटार त्रास देऊ शकते. खुंट्या सरकतात, नटच्या खाचा नीट कापलेल्या नसतात, फ्रेट वरखाली असतात, जॅक सैल असतो. अनोळखी ब्रँड सगळेच डॅनइलेक्ट्रो नसतात, हेही खरं. पण यातला एकही दोष लाकडाचा नाही, आणि बहुतेक दोष चांगल्या कारागिराच्या हातून एका बैठकीत निघतात. महागड्या गिटारीत तुम्ही पैसे देता ते मुख्यतः हे काम आधीच नीट झालेलं असण्याचे, आणि विकताना नावाला भाव येतो त्याचे.

तेव्हा थांबू नका. दुकानात जाताना लाकूड विचारू नका, प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून बघा, कुठे खणखणते का. बाराव्या फ्रेटवरचा सूर आणि तिथलाच हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) ट्यूनरवर जुळतात का बघा. ॲम्प लावून तारांना हात लावा. गुणगुण कमी झाली तर गिटारीचं अर्थिंग ठीक आहे, तरीही घरी आल्यावर ती पन्नास हर्ट्झची गुंजारव चालूच असेल तर आधी बिल्डिंगचं अर्थिंग तपासा, बऱ्याच जुन्या सोसायट्यांत बोंब तिथेच असते. आणि सेटअपचे (कारागिराकडून गिटार नीट जुळवून घेण्याचे) पैसे बजेटमध्ये आधीच धरा. जुलैच्या दमट हवेत घेतलेली गिटार थंडीत एसीच्या खोलीत गेली की नेक हलणार, फ्रेटची टोकं बोटांना टोचणार. ट्रस रॉडला (नेकचा बाक साधणाऱ्या सळीला) पाव फेरा आणि कडांवर थोडी कानस, एवढंच काम असतं, पण ते महोगनीलाही चुकत नाही.