रात्री साडेनऊला लाईट कापणाऱ्या साहेबांचा मान राखा

'प्रिय ग्राहक, मागील महिन्याचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री 9.30 वाजता वीज कापली जाईल. त्वरित साहेबांशी संपर्क करा.' असा मेसेज आला की लगेच फोन करा. बिलाची पावती खुंटीला टांगलेली असली तरी करा. आपल्याकडे लाईट न सांगता दिवसातून चारदा जाते, ओलितासाठी रात्री दोनला येते. अशात कोणी जायची वेळ आधी कळवत असेल तर त्याचे उपकार मानायला नकोत?

मेसेज साध्या दहा आकडी नंबरावरून का आला, हे विचारू नका. साहेब गरीब असतील.

पीएम किसानचा 2000 चा हप्ता अडकला म्हणून एपीके, म्हणजे फोनात ॲप टाकणारी फाईल आली, तर आधी दाबा, मग ग्रुपवर टाका. गावाचंही भलं होऊ द्या.

पैसे तुमच्या खात्यात 'येण्यासाठी' पिन मागितला तरी टाका. पिन लागतो तो पैसे जाताना, हे कशाला लक्षात ठेवायचं?

आणि साहेब म्हणाले, 'एक ॲप टाका, फक्त दहा रुपये भरून बघा', तर टाकाच. माझ्या धाकट्यानं टाकलं. ते निघालं आपली स्क्रीन साहेबांना दाखवणारं. दहा रुपये इकडे टाइप केले, पिन तिकडे स्क्रीनवर दिसला. कापसाचे चुकारे नुकतेच जमा झाले होते. सात मिनिटांत तीन मेसेज, 38 हजार साफ. पठ्ठ्या दोन दिवस जेवला नाही, बोलला नाही.

"काऊन बे, सांगितलं काऊन नाही?"

"मले वाटलं दादा, तू हासशीन."

हासलोच असतो. गेल्या वर्षी शेजारच्या काकांवर हासलोच होतो. धाकट्याच्या पैशांसाठी बँकेत गेलो तर म्हणे ठाण्यात जा, ठाण्यात म्हणे बँकेचं पत्र आणा. अरे, पण दोन दिवसांत ते पैसे किती खात्यांतून फिरले असतील! त्याच मिनिटाला 1930, हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाईन नंबर, लावला असता तर पुढच्या खात्यात अडवता तरी आले असते. लाजेपायी तो फोन राहिला, आणि लाज आपणच घातली.

आणि तू, पानठेल्यावर खर्रा घोटत 'असा कसा फसला बे' म्हणून खिदळतोस ना? परवा ग्रुपवर आलेली हप्त्याची ती फाईल तुझ्याही फोनात पडली आहे. दात काढणं थांबव, आधी ती काढ.