छातीत जळजळत नाही म्हणजे अ‍ॅसिडिटी नाही म्हणे!

आठ महिने झाले खोकतेय मी, आणि आठ महिने जो भेटेल तो आधी एकच विचारतो, "कफ पडतो का?" नाही पडत हो! कोरडा खोकला आहे, रात्री आडवी झाले की तासाभरात सुरू, आणि सकाळी आवाज असा बसलेला असतो की दूधवाल्याला "आज एक पिशवी जास्त" हे बोटाने दाखवावं लागतं. वर घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं, गिळलं तर खाली जात नाही, खाकरलं तर वर येत नाही. दहावीच्या पोरांनी माझी नक्कलच बसवलीय, "मुलांनो, अहं, त्रिकोणमिती, अहं". मला ऐकू येत नाही असं वाटतं त्यांना.

फॅमिली डॉक्टरांनी अँटिबायोटिकचे दोन कोर्स दिले, मग एक्स-रे, तो क्लिअर. मग टीबीसाठी थुंकी तपासा म्हणाले. टीबी आधी बघायलाच हवा, त्याबद्दल तक्रार नाही, पण ज्या बाईला कफच पडत नाही ती ती डबी भरणार कशी? वीस मिनिटं बाथरूममध्ये उभी होते मी डबी घेऊन. मग कान-नाक-घसावाल्यांनी नाकातून दुर्बीण घालून घसा लाल आहे असं सांगितलं (ते मलाही माहीत होतं, फुकटात), अ‍ॅलर्जीच्या गोळ्या दिल्या. छातीवाल्यांनी पंप दिला. म्हणजे मी काय वाटणीतली जमीन आहे का, सातबाऱ्यावर घसा एकाच्या नावावर, छाती दुसऱ्याच्या, आणि बांधावर कोणी पाय ठेवायचा नाही?

आणि शेवटी सापडलं कुठे, तर दातवाल्याकडे! गार पाणी झणझणतं म्हणून गेले, त्याने आरसा धरला आणि म्हणाला वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजून गुळगुळीत झालीय, अ‍ॅसिडिटी आहे का? म्हटलं छे, मला कधी जळजळत नाही. तर म्हणाला, रात्री जेवता किती वाजता?

आठ महिन्यांत हा प्रश्न विचारणारा पहिला माणूस!! क्लास साडेनऊला सुटतो, सव्वादहाला जेवते, अकराला आडवी. अरे, एवढंच तर होतं!

मग त्याने ज्या पोटाच्या डॉक्टरांकडे पाठवलं त्यांनी नीट समजावलं. अन्ननलिकेला पोटातलं अ‍ॅसिड थोडंफार सोसतं, स्वरयंत्राला ते कवच नाही, म्हणून छातीत काहीच न कळता नुसता ओझरता शिंतोडा वर आला तरी आवाज बसतो. सोबत पोटात अन्न पचवणारं पेप्सिन येतं, ते तिथल्या पेशींना चिकटून राहतं. आणि अ‍ॅसिड घशापर्यंत पोचायलाच हवं असंही नाही, अन्ननलिका आणि श्वासनलिका एकाच व्हेगस नर्व्हवर (मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी नस), त्यामुळे खाली चटका बसला की वर ढास लागते. दाताचं इनॅमल साधारण ५.५ पीएचच्या खाली (आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) विरघळायला लागतं, पोटातलं अ‍ॅसिड असतं दीड-दोनवर. आता करा हिशोब.

हे काही काल सापडलेलं नाहीये. २००६ मध्ये रिफ्लक्सच्या, म्हणजे पोटातलं वर येण्याच्या आजाराच्या, माँट्रिअल व्याख्येत १८ देशांतल्या ४४ तज्ज्ञांनी खोकला, बसलेला आवाज, दमा आणि दातांची झीज यांचा रिफ्लक्सशी संबंध लिहून ठेवलाय. बरं, प्रत्येक खोकला पोटातूनच येतो असं माझं म्हणणं नाही, उगाच कोणाच्याही गळ्यात अ‍ॅसिडिटी बांधू नका. पण एकदा विचाराल की नाही, बाई गं, जेवतेस कधी आणि झोपतेस कधी?

नातेवाईक तर विचारूच नका. आत्याने आलं-मिरीचा काढा, सासूबाईंनी पुदिन्याचा रस, शेजारच्या काकूंनी सकाळी उपाशीपोटी लिंबू-मध. सगळं निमूट प्यायले मी! आधीच आग, त्यात रोज सकाळी लिंबू पिळत होते. आणि तोंड आंबट झालं की लगेच खसाखसा ब्रश, तेही चूकच, निदान अर्धा तास थांबायचं असतं म्हणे, मऊ पडलेलं इनॅमल आपणच घासून काढतो. पोटाच्या डॉक्टरांनी लिहिलेली अ‍ॅसिडची गोळी देताना केमिस्टने काय सांगावं? "जेवण झालं की घ्या." अहो ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, चिठ्ठीवर लिहिलंय, वाचा की! आणि घशाचं प्रकरण निवळायला दोन-तीन महिने लागतात, आठ दिवसांत "अजून खोकतेसच का?" विचारणाऱ्यांना मी आता सरळ पाठ दाखवते.

पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा लावल्यात, सहा इंच. नवरा रात्रभर घसरत पायथ्याशी जातो आणि सकाळी माझ्यावरच चिडतो. मोठ्या धीराने काल पालकांच्या ग्रुपवर टाकलं, तब्येतीमुळे क्लास एक तास अलीकडे घेऊ का? पहिला रिप्लाय, "मॅडम, झोपताना ग्लासभर हळद-दूध घ्या, खोकला पळून जाईल." खाली सतरा अंगठे. क्लासच्या वेळेबद्दल एक अक्षर नाही!