रांग सोडायची नाही

आज मामेबहिणीच्या साखरपुड्यात, भर पंगतीत, माझ्या नऊ वर्षांच्या मुलासमोर एका काकांनी विचारलं, "अजून ते पोरांचे गेम खेळतोस म्हणे? वय काय झालं तुझं?" चाळीस झालं, काका. तेव्हा हसलो आणि श्रीखंड वाढून घेतलं. आता घरी आलोय आणि डोकं फिरलंय.

हेच काका एप्रिल-मे रोज रात्री टीव्हीसमोर बसून "अरे गोलंदाज बदल!" म्हणून कोकलतात. त्याला क्रिकेटप्रेम म्हणायचं. मी रविवारी रात्री दीड तास हेडफोन लावला की तो पोरकटपणा. (गोलंदाज हा मुळात तोफखान्यातला शब्द आहे, काका. तोफेचा गोळा डागायचा तो गोलंदाज. तुम्ही माझ्याच मैदानावरचा शब्द वापरताय.)

कमेंटमध्ये "म्हणजे पब्जी का?" विचारू नका, हात जोडतो. पब्जीत शंभर जण उतरतात आणि शेवटी जो उरतो तो जिंकतो. माझा खेळ बरोबर उलटा. 'होल्डफास्ट' या ऑनलाइन गेममध्ये नेपोलियनच्या काळातल्या लढाया, एका मैदानावर दीडशे माणसं, सगळी खरी, कुणी पोलंडमधून, कुणी स्कॉटलंडमधून. त्याआधी 'माउंट अँड ब्लेड: वॉरबँड' या गेमची 'नेपोलियॉनिक वॉर्स' ही पुरवणी खेळायचो, 2012 मध्ये आलेली. तिथे तर दोनशे. लोकांनी आपापल्या पलटणी काढल्यात, आठवड्याला कवायत असते. खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, हुकूम आल्याशिवाय बार काढायचा नाही, रांग सोडून एकट्याने गोळी झाडली तर ॲडमिन जागेवर मारून टाकतो. असल्या आगाऊ माणसाला तिथे 'रॅम्बो' म्हणतात, आणि ती शिवी आहे.

मला ती रात्र सांगायचीच आहे. त्या दिवशी मी ताशेवाला होतो. हातात बंदूक नाही. बटण दाबलं की ठरलेली धून वाजते, एवढंच काम. आमचा अधिकारी एक स्कॉटिश म्हातारा. आवाजावरून म्हातारा, तोंड कुणी पाहिलंय! समोरून फ्रेंच रांग येतेय आणि हा म्हणतोय थांबा, अजून थांबा. एका पोराचा धीर सुटला, त्याने बार काढला. मग काय, धूर, आरडाओरडा. त्यांच्या पहिल्या फैरीत आमची अर्धी रांग आडवी, म्हातारा पण गेला.

लाल-निळे भडक कोट घालून ही माणसं उघड्यावर रांगेत का उभी राहायची, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. या खेळात दहा मिनिटांत कळलं. ती बंदूक शंभर पावलांवर नेम धरून मारायच्या लायकीची नाही. बार भरायला इतका वेळ लागतो की तेवढ्यात समोरचा संगीन घेऊन अंगावर येतो. म्हणजे एकटा माणूस शून्य. वीस जणांनी एकदम फैर झाडली तरच काही होतं. आणि धुरात कोट ओळखू आला नाही तर आपलाच माणूस आपल्याला भोसकतो.

तर आम्ही पाच जण उरलो. उरलेले चौघे धुरातून ताशाच्या आवाजावर माझ्याभोवती गोळा झाले. कुणी बोलावलं नव्हतं. चालत राहिलो. एकेक करत चौघेही पडले.

मी कॉलेजात चार वर्षं ढोल पथकात होतो. कमरेला ढोल, लक्ष्मी रोड, पन्नास ढोलांत माझा एक. माझा ढोल कुणालाही वेगळा ऐकू आला नाही आणि तसा येऊच द्यायचा नसतो. काका तेव्हा कौतुकाने बघायला यायचे. अहो, तीच मजा आहे ही! तेव्हा गुलाल होता, आता धूर आहे.

बरं, डोळे दुखतात, मान धरते. व्हॉइस चॅटवर पोरं घाणेरडं बोलतात, तेव्हा मुलाला खोलीबाहेर काढावं लागतं. मान्य.

आणि एक गोष्ट मलाही टोचते. मी इंग्रजांचा लाल कोट घालून ताशा वाजवतो. हेच लाल कोटवाले 23 सप्टेंबर 1803 ला आपल्या असईला, जालना जिल्ह्यात, शिंदे-भोसल्यांच्या फौजेवर चालून आले होते. शिंद्यांची कवायती पलटण तेव्हा असल्याच रांगेत उभी होती. आपले काही गोलंदाज मेल्याचं सोंग घेऊन तोफांखाली पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागल्या. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली जिंकला, पण दीड हजारांवर माणसं मेली-जखमी झाली त्याची. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हा माणूस असईलाच आपली सगळ्यात चांगली लढाई मानायचा. मला गेममध्ये त्या लढाईचा नकाशा हवाय. दीडशे जण, कैलना नदीचा उतार, आणि मी शिंद्यांच्या तोफेवर. 'एम्पायर: टोटल वॉर' या दुसऱ्या गेममध्ये 2009 पासून मराठे आहेत, पण तिथे तुम्ही वरून फौजा हलवणारे सरदार. मला सरदार व्हायचंच नाहीये, खाली चिखलात उभं राहायचंय.

खरी लढाई मजेची नसते, हे मला सांगायला येऊ नका. माहितीये.

हां, तर ती रात्र. मी एकटा उरलो, समोर अख्खी फ्रेंच रांग. वाजवत राहिलो, दुसरं करणार काय? गोळी आली नाही. कुणीतरी ओरडलं, त्याला मारू नका. आणि त्यांच्या रांगेतून त्यांचा ताशेवाला बाहेर आला, माझ्यासमोर उभा राहिला आणि वाजवायला लागला. दोन वेगळ्या धुना, ताल कशाचा कशाला नाही. दोन्हीकडची मेलेली माणसं हेडफोनमध्ये खिदळतायत. अर्धा मिनिट असेल. मग तोफेचा गोळा आला आणि आम्ही दोघेही उडालो. गोळा आमच्याच तोफेचा होता!

इतका हसलो की बायको उठून आली. तिला सांगायचा प्रयत्न केला. "झोप आता," म्हणाली.

काका, तुमच्यावर राग नाही आता. लिहिता लिहिता उतरला. मुलाने येताना गाडीत विचारलं, "बाबा, ताशेवाल्याला बंदूक का नसते?" म्हणजे त्याने ऐकलंय सगळं दाराआडून.

साडेअकरा वाजत आले, तिकडे आता संध्याकाळ. म्हाताऱ्याचा मेसेज पडलाय, आज ताशेवाला आहे का? आलो.