पोर्टल चकचकीत, रांग तुंबलेली

गोव्यात वेर्ण्याची औद्योगिक वसाहत असो की पणजीत पाटोवरचं ऑफिस, एकच वाक्य ऐकून कान किटले: "वेब सर्व्हिस बसवलीय, आता ग्रिड आपोआप चालेल." डोंबल चालेल! ग्रिड म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा ताफा; वेब सर्व्हिस, म्हणजे पोर्टल, ही त्याची नुसती खिडकी. आत कामांची, म्हणजे जॉबची, रांग सांभाळतो तो स्लर्म; कुठलं काम कधी आणि कुठल्या संगणकावर चालवायचं ते ठरवणारं सॉफ्टवेअर. तो कसा वागतो हे ज्यांनी कधी पाहिलंच नाही त्यांनी खिडकी बांधायची, आणि महिनाअखेरीस रांग तुंबली की बोलणी सिस्टीमवाल्यांनी खायची.

सगळ्यात जास्त संताप येतो तो दुबार जॉबचा. पोर्टल आधी फायली चढवतं, मग जॉब रांगेत टाकतं, मग नंबर परत देतं, आणि हे सगळं एकाच विनंतीत! समोर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असतो. सेटिंगला हात लावला नसेल तर तो उत्तरासाठी 60 सेकंद थांबतो. त्यानंतर 504, म्हणजे "उत्तर वेळेत आलं नाही". जॉब मात्र मागच्या मागे रांगेत पोचतो. विनंती पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये, म्हणजे क्लायंटमध्ये, कुणीतरी "तीनदा पुन्हा प्रयत्न कर" लिहून ठेवलेलं, म्हणजे एका कामाचे चार जॉब. चारही चालू झाले की सॉफ्टवेअरची चार महागडी लायसन्सं अडकली, आणि ज्याला खरी गरज आहे तो ताटकळत बसला. अहो, क्लायंटनेच प्रत्येक कामाला वेगळा क्रमांक द्यावा, डेटाबेसमध्ये तो युनिक ठेवावा, तोच क्रमांक पुन्हा आला तर जुनाच जॉब नंबर परत करावा. विनंती नोंदली की ताबडतोब 202 ("विनंती स्वीकारली") द्यावा, फायलींचं काम मागे चालू राहू दे. एवढंही जमू नये?

मग स्थिती विचारण्याचा घोळ. संपलेला जॉब स्लर्मचा कंट्रोलर, म्हणजे रांग चालवणारा मुख्य प्रोग्राम, मूळ सेटिंगप्रमाणे 300 सेकंद लक्षात ठेवतो, नंतर कधीही विसरतो. पोर्टल विचारतं दर दहा मिनिटांनी. उत्तर येतं, असा जॉब नाही. पोर्टल त्यावर "अयशस्वी" असा लाल शिक्का मारतं आणि झालेलं काम पुन्हा पाठवतं! संपलेल्या जॉबची चौकशी जुन्या नोंदी ठेवणाऱ्या अकाउंटिंगच्या डेटाबेसकडे करायची असते, कंट्रोलरकडे नाही. याच्या उलट टोकाचे शहाणेही आहेत: उघडलेलं प्रत्येक पान दर दोन सेकंदांनी सगळी रांग मागतं, आणि कंट्रोलर गुदमरतो. एकाच प्रोसेसने अर्ध्या मिनिटाने रांग वाचावी, बाकी पानांनी तिची साठवलेली प्रत दाखवावी.

टोकनचंही तेच, म्हणजे स्लर्मशी बोलायच्या तात्पुरत्या परवान्याचं. कमांडने काढलेलं टोकन मुदत दिली नाही तर 1800 सेकंदांत मरतं. नवं काढायची सोय कुणी करतच नाही.

आणि आपला पावसाळा! जूनमध्ये वीज डोळा मारून गेली की यूपीएस नसलेले नोड, म्हणजे ग्रिडमधले संगणक, रीबूट होतात. स्लर्मची मूळ सेटिंग अशी, की असा नोड परत आला तरी अ‍ॅडमिनने हाताने उठवेपर्यंत डाऊनच राहतो. एक तर ही सेटिंग (ReturnToService) 2 करा किंवा तपासणीची स्क्रिप्ट लावून मग नोड उठवा. त्यात मदरबोर्डची बॅटरी मेलेली असेल तर घड्याळ भलतंच चालतं. संगणकांची आपसांतली ओळख पटवणारा मंज मूळ सेटिंगप्रमाणे 300 सेकंदांहून जास्त फरक खपवून घेत नाही, सरळ ओळख नाकारतो. टाइम सिंक झाल्याशिवाय स्लर्मची सेवा सुरूच होऊ देऊ नका. पोर्टलवर मात्र जॉब "प्रतीक्षेत", हिरव्या रंगात! किती नोड डाऊन, कशामुळे, हे दाखवायला एक ओळ पुरे. ती नाही म्हणून गणेश चवथीला घरी गेलेल्या अ‍ॅडमिनला गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधता बांधता फोन घ्यावा लागतो.

पोर्टलला मंजुरी देणाऱ्यांनो, सही करण्याआधी चार गोष्टी स्वतःसमोर करून घ्या. एकच विनंती दोनदा पाठवा. जॉब संपल्यावर तासाभराने त्याची स्थिती विचारा. टोकन संपू द्या. चालत्या नोडची वायर उपटा. यातलं एकही जमलं नाही तर बिल अडवून ठेवा.