‘साखळी बांधा, झटका द्या’ हा सल्ला जिवावर बेतेल

ताम्हिणी, पानशेतकडे रुतलेल्या गाड्यांसाठी पुण्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘क्रेनवाल्याला पैसे कशाला? मिळेल ती साखळी टो-बॉलला (गाडीमागच्या, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला) अडकवा, वर चादर टाका, जोरात झटका द्या. निघाली की न्यूट्रलला टाकून टोचन करा.’ कृपा करून हा मेसेज पुढे पाठवू नका.

सगळ्यात घातक आहे तो झटका. दोन टनांची एसयूव्ही ताशी १० किलोमीटर वेगाने पुढे गेली आणि रुतलेली गाडी हललीच नाही, तर न ताणली जाणारी साखळी तिला जेमतेम १० सेंटिमीटरमध्ये थांबवते. तेव्हाची सरासरी ओढ जवळपास आठ टन भरते. वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट. मग सगळ्यात कच्चा भाग तुटतो आणि अनेकदा तो टो-बॉल असतो. तो ट्रेलर ओढायला बनवलेला आहे, असा हिसका सोसायला नाही. तुटलेला बॉल काच फोडून ड्रायव्हरपर्यंत पोचतो, परदेशात अशाने माणसं गेली आहेत. रिकव्हरीसाठीचा, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढायचा, कायनेटिक दोर मुद्दाम ताणला जातो, म्हणून हिसका लांबतो आणि ओढ उतरते. पण तोही चॅसीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) पक्क्या रिकव्हरी पॉइंटलाच लावायचा.

चादरीने तुटलेल्या साखळीची किंवा दोराची उसळी थोडी कमी होते, थांबत नाही. माणसं दोराच्या लांबीच्या किमान दीडपट लांब उभी हवीत. घाटात व्हिडिओ काढणारे नेमके दोराशेजारी असतात! आधी त्यांना हटवा.

आणि झटक्याची घाई तरी का? चाकांपुढचा चिखल फावड्याने काढा, हवा थोडी कमी करा, चाकाखाली फळ्या किंवा दगड घाला. बरीच ओढ तिथेच वाचते.

न्यूट्रलमध्ये टोचन सगळ्या गाड्यांना चालत नाही. ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स जळू शकतो. इलेक्ट्रिक आणि बऱ्याच फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांना फ्लॅटबेडच (गाडी पूर्ण वर चढवून नेणारा ट्रक) लागतो. इंजिन बंद असलं की ब्रेक नि स्टीअरिंग जड होतात. घाटाच्या उतारावर मागची गाडी पुढच्यावर आदळायला तेवढं पुरतं.

क्रेनवाले कधीकधी अवाच्या सवा मागतात, हे खरं आहे. गाडीला हात लावू देण्याआधी दर ठरवा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का, तेही घरून निघतानाच पाहून ठेवा. सातारा रस्त्यासारख्या राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला फोन लावा.