हुकूमनामा लॅमिनेट करू नका हो!

आज दुपारपासून डोकं तापलंय. पोस्ट लांब होणार आहे, पण पूर्ण वाचा आणि घरात, नात्यात, ऑफिसात ज्याला गरज असेल त्याला पाठवा.

दुपारी एक काकू आल्या होत्या. पासष्टीच्या पुढच्या, एकट्या, तालुक्याच्या गावाहून सकाळच्या एसटीने. कापडी पिशवीतून त्यांनी साडीचं खोकं काढलं, खोक्यातून धुतलेल्या पंच्यात गुंडाळलेला कागद. मुलीच्या घटस्फोटाचा हुकूमनामा, म्हणजे कोर्टाची डिक्री. लॅमिनेट केलेला. जाड प्लॅस्टिक, चारही कोपरे गोल कापलेले. "पावसात घर गळतं मॅडम, म्हणून निकाल लागल्याच्या आठवड्यातच करून आणलं," म्हणाल्या. आठ वर्षं तो कागद त्यांनी देवघराखालच्या कप्प्यात जपला.

मुलगी नेदरलँड्समध्ये नोकरीला आहे. तिथल्या नगरपालिकेच्या दप्तरात ती अजून विवाहित आहे. आता तिला पुन्हा लग्न करायचंय, आणि नगरपालिका म्हणते, अपॉस्टिल केलेला, म्हणजे त्यावरची सही आणि शिक्का खरा असल्याचं आपल्या सरकारने परदेशासाठी प्रमाणित केलेला हुकूमनामा आणा. काकूंना सांगावं लागलं की हा कागद त्यासाठी चालणार नाही. त्यांनी दोनदा विचारलं, "वरून शिक्का मारता येत नाही का?"

नाही येत. हुकूमनाम्याच्या नकलेवर कोर्टाचा शिक्का आणि अधिकाऱ्याची सही असते. पुढचा प्रत्येक अधिकारी ती सही तपासतो आणि त्याच कागदावर, बहुतेक वेळा पाठीवर, आपला शिक्का मारतो. शेवटी परराष्ट्र मंत्रालयाचं क्रमांक असलेलं अपॉस्टिलचं स्टिकरही पाठीवरच चिकटतं. प्लॅस्टिकवर शाई धरत नाही, आणि आतली सही अस्सल आहे की रंगीत झेरॉक्स, हे कुणालाही सांगता येत नाही. ते प्लॅस्टिक सोलायच्या फंदात तर पडूच नका. कागदाचा पापुद्रा प्लॅस्टिकबरोबर निघून येतो आणि शाईही.

काकूंवर कोण चिडेल? संताप याचा आहे की निकालाच्या दिवशी कोर्टात वकील होते, कारकून होते, दोन्हीकडची शिकलेली माणसं होती, आणि एकानेही त्या मुलीला चार वाक्यं सांगितली नाहीत. वकिलांना दिवसाला पंधरा तारखा असतात, मान्य. पण फी घेताना वेळ होता ना?

तर ती चार वाक्यं मी सांगते. चाराची चाळीस होतील.

निकाल लागला की दोन वेगळे कागद तयार होतात. एक निकालपत्र, ज्यात हकिकत, पुरावा आणि कारणं असतात. दुसरा हुकूमनामा. तो एक-दोन पानांचाच असतो, पण लग्न अमुक तारखेपासून संपुष्टात आलं हे तोच सांगतो. परदेशात बहुतेक ठिकाणी मागतात तो हुकूमनामा. लोक निकालपत्राची प्रत घेऊन जातात, नाहीतर रोजनाम्याची, म्हणजे कोर्टातल्या तारखांच्या नोंदवहीची, नाहीतर ई-कोर्टच्या साइटवरून उतरवलेली पीडीएफ छापून नोटरीचा शिक्का मारून आणतात. साइटवरची पीडीएफ ही माहिती आहे, प्रमाणित प्रत नव्हे. 'झेरॉक्स मूळ कागदाबरहुकूम आहे' एवढंच नोटरी सांगतो. तो कोर्टाच्या जागी उभा राहू शकत नाही.

प्रमाणित प्रत फक्त कोर्टाच्या नक्कल विभागातून मिळते. अर्जावर याचिकेचा क्रमांक, वर्ष, दोन्ही पक्षकारांची नावं, निकालाची तारीख आणि कोर्ट फी स्टॅम्प लागतो. क्रमांक आठवत नसेल तर प्रत्येक खटल्याला मिळणाऱ्या सोळा अक्षरी सीएनआर क्रमांकावरून किंवा नावावरून ई-कोर्टवर शोधा. पण जुन्या प्रकरणांत तिथे नावाचं स्पेलिंग काहीच्या काही असतं, तेव्हा दोन-तीन तऱ्हेने टाकून बघा. ताजं प्रकरण असेल तर नक्कल लवकर निघते. फाइल एकदा रेकॉर्ड रूमला गेली की आधी ती शोधायची, वर आणायची, मग नक्कल. तिथे माणसं कमी आहेत हे खरं आहे, त्यांच्याशी भांडून काही होत नाही. म्हणूनच म्हणते, निकाल लागल्या लागल्या काढा. हुकूमनाम्याच्या निदान चार प्रमाणित प्रती आणि निकालपत्राच्या दोन. त्या दिवशी हे किरकोळ पैशांत होतं. आठ वर्षांनी त्यासाठी कुणाच्या तरी आईला एसटी पकडावी लागते.

हातात आली की प्रत तिथेच, खिडकीपाशी उभं राहून वाचा. प्रत्येक पानावर गोल शिक्का आहे का? शेवटच्या पानावर सहीखाली अधिकाऱ्याचं नाव आणि हुद्दा वाचता येतो का? नुसतं गिरगटं असेल तर पुढे अडतं. कारण पुढचा अधिकारी मजकूर तपासत नाही, ही सही कुणाची आणि त्याला ती करायचा अधिकार होता का, एवढंच तपासतो. सही ओळखता आली नाही तर कागद परत. मग त्यावर कोर्टाच्या वरिष्ठ अधिकाऱ्याची सही घेऊन या म्हणतात, म्हणजे पुन्हा गावाला जा. आणि हो, पानं एकत्र शिवलेली किंवा स्टेपल केलेली असतील तर झेरॉक्ससाठीही ती पिन काढू नका. पिनेची दुसरी भोकं दिसली की पान बदललं असा संशय येतो.

आता नाव. काकूंच्या मुलीच्या हुकूमनाम्यात सासरचं नाव आहे, 'सौ.' लावून. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात सौ.! पासपोर्टवर माहेरचं नाव, वडिलांच्या नावासकट. नेदरलँड्समधल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर त्यात त्याची काय चूक? आपल्याकडे लग्नात नाव बदलतं हे त्याने कुठून शिकायचं? याचिका लिहितानाच 'अमुक ऊर्फ तमुक' अशी दोन्ही नावं टाकून घ्या, पासपोर्टवरच्या स्पेलिंगप्रमाणे. वकील म्हणतील गरज नाही. हट्ट करा. हुकूमनाम्यात लेखनाची चूक राहिली असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आधी दुरुस्ती, मग नक्कल, मग अपॉस्टिल. अपॉस्टिल झाल्यावर दुरुस्ती केली तर सगळं पहिल्यापासून. दोन्ही नावं बरोबरच असतील आणि फक्त वेगळी असतील, तर लग्नाचा दाखला आणि जुना पासपोर्ट जोडून दुवा दाखवता येतो.

नक्कल झाली की राज्य सरकारचं साक्षांकन, म्हणजे कोर्टाची सही खरी असल्याचा त्यांचा शिक्का. ते महाराष्ट्रात मुंबईच्या मंत्रालयातून होतं. मग परराष्ट्र मंत्रालय. तिथे २०१२ पासून थेट माणसाकडून कागद घेत नाहीत, त्यांनी नेमलेल्या संस्थांमार्फतच द्यावे लागतात. त्या संस्थांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या साइटवर आहे. त्यासाठी दिल्लीला जायची गरज नाही, मुंबईतही काम होतं. अपॉस्टिलची सरकारी फी एका कागदाला ५० रुपये. पन्नास! वर त्या संस्थेचा थोडा सेवा आकार. काकूंना शेजारच्या कुणीतरी गाठून दिलेल्या एजंटाने अठरा हजार सांगितले होते, आणि तेही लॅमिनेट केलेला कागद नीट न बघता. सगळे एजंट लुटारू नसतात. गडचिरोलीहून मुंबईला चार खेपा घालण्यापेक्षा कुणाला पैसे देणं परवडत असेल तर द्यावेत. पण कोणत्या टप्प्याचे किती ते लिहून घ्या, आणि स्टिकर हातात आल्यावर त्याचा क्रमांक ऑनलाइन तपासा.

अपॉस्टिल म्हणजे काय तेही नीट समजून घ्या. १९६१ चा हेग करार आहे, भारतात तो १४ जुलै २००५ पासून लागू झाला. करारातल्या एका देशाने अपॉस्टिल लावलं की दुसऱ्या देशाने त्या कागदावरची सही आणि शिक्का खरा मानायचा, मध्ये वकिलातीची गरज नाही. फक्त सही आणि शिक्का. घटस्फोट त्या देशात मान्य होईल की नाही, हा वेगळा प्रश्न, तो तिथल्या कायद्याने ठरतो. आणि ज्या देशाचा कागद, त्याच देशाचं अपॉस्टिल. परदेशातली आपली वकिलात आपल्या कोर्टाच्या कागदावर अपॉस्टिल लावून देत नाही, हे ऐकून कितीतरी लोक तिथल्या रांगेतून परत फिरतात.

दुबईला लागणारा कागद असेल तर अपॉस्टिलचा उपयोग नाही. संयुक्त अरब अमिराती या करारात नाही. तिथे परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, मग अमिरातीच्या वकिलातीचं, मग तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचं, अशी साखळी आहे. सौदी २०२२ च्या डिसेंबरात करारात आला, कॅनडा २०२४ च्या जानेवारीत, त्यामुळे पाच वर्षांपूर्वीचा कुणाचा अनुभव ऐकून चालू नका. जर्मनी तर वेगळंच प्रकरण. जर्मनी करारात आहे, पण भारताच्या प्रवेशाला त्यांनी हरकत घेतलेली आहे, म्हणून आपलं अपॉस्टिल ते मानत नाहीत. जर्मन वकिलात इथल्या वकिलाकरवी कोर्टात जाऊन कागदाची पडताळणी करून घेते. त्यात महिने जातात आणि खर्चही आपल्याच माथी. म्युनिकला असलेल्या मुलांनी लग्नाचा हॉल ठरवायच्या आधी हे बघावं.

गोव्यातल्या मित्रमैत्रिणींसाठी एक ओळ: तुमच्याकडे घटस्फोटाची नोंद लग्नाच्या नोंदीच्या समासातही व्हावी लागते, आणि ज्यांनी पोर्तुगालचं नागरिकत्व घेतलंय त्यांना नुसतं अपॉस्टिल पुरत नाही, तिथल्या अपील कोर्टाकडून निकाल तपासून मान्य करून घ्यावा लागतो.

दुसरा अडथळा: "हा निकाल अंतिम आहे का?" परदेशी कचेरी हे हमखास विचारते आणि आपल्या हुकूमनाम्यात ते बहुधा लिहिलेलं नसतं. परस्पर संमतीचा, म्हणजे हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब चा हुकूमनामा असेल तर त्यावर सहसा अपील नसतं. लढवलेल्या प्रकरणात त्याच कायद्याप्रमाणे अपिलाला ९० दिवस असतात. ते संपल्याशिवाय पुन्हा लग्न करता येत नाही, आणि अपील झालं असेल तर ते निकाली निघेपर्यंत थांबावं लागतं. हे तुम्हाला माहीत, वकिलाला माहीत, नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या खिडकीवरच्या बाईला माहीत नाही. तेव्हा अपील दाखल नसल्याचा दाखला कोर्टाकडे अर्ज करून मागा, आणि त्याचंही अपॉस्टिल करून घ्या. काही देशांत प्रतिज्ञापत्रावर भागतं, काहींत नाही. तिथल्या कचेरीला आधी ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

भाषांतर. काकूंचा हुकूमनामा तालुक्याच्या कोर्टातला, मराठीत. डच कचेऱ्यांत डच, इंग्रजी, जर्मन आणि फ्रेंच चालतं, मराठी कुठून चालणार. भाषांतर आधी करू नका. अपॉस्टिल झाल्यावर करा, म्हणजे शिक्के आणि स्टिकरसकट सगळं भाषांतरात येतं. शपथ घेतलेला भाषांतरकार त्या देशातलाच हवा का, तेही आधीच विचारा.

मुलगी तिकडे, कागद इकडे, तर तिच्या वतीने अर्ज कोण करणार? वैवाहिक खटल्यांचं कामकाज कायद्याने बंद दाराआड चालतं, त्यामुळे त्याची नक्कल कुणालाही देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पक्षकाराचा वकील किंवा अधिकारपत्र असलेला माणूसच लागतो. तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठवलंत तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथली मुद्रांक शुल्क भरून घ्या. हे विसरलेली पत्रं कपाटात पडून असतात.

आणि कृपा करून, लढवलेल्या घटस्फोटाचं निकालपत्र मागितल्याशिवाय कुणाला देऊ नका. त्यात काय काय लिहिलेलं असतं... मारहाण, अंथरूण, सासूचे शब्द. कुरिअरवाला पोरगा, एजंटाचा हरकाम्या, झेरॉक्सवाला, सगळे चाळतात. हुकूमनाम्यात यातलं काही नसतं. निकालपत्र काढून ठेवा, पण बंद पाकिटात.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. काकूंचा तो पंचा डोळ्यांसमोर येतोय. आपल्याकडे लग्नपत्रिका फ्रेम करतात आणि हा कागद लपवतात. नातेवाईक म्हणतात, "आता ते कशाला काढायचं." काकूंनी लपवला नाही, सांभाळला. त्यांच्यापुरतं जे सुचलं ते सगळं त्यांनी केलं. त्यांना कुणी सांगितलं असतं की प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नुसता सरकवून ठेवा, तर त्यांनी तसाच ठेवला असता.

त्या प्लॅस्टिकखालून एक फायदा मात्र झाला. याचिकेचा क्रमांक आणि तारीख अगदी स्वच्छ वाचता येतेय, तेव्हा रेकॉर्ड रूममध्ये शोधाशोध कमी होईल. मुलीला फोन लावला, अधिकारपत्राचा मसुदा पाठवला, नक्कल अर्ज भरून ठेवला. नाव दुरुस्तीला टाकायचं की लग्नाचा दाखला जोडून भागवायचं, ते तिकडचं उत्तर आल्यावर ठरेल. अर्जावर किती प्रती लिहू विचारलं, तर काकू म्हणाल्या, "पाच लिहा. एक माझ्याजवळ राहू दे. आता नाही हो प्लॅस्टिक करणार."