‘पीजीपी फुटलं, एस/माइम घ्या’ हा सल्ला चुकीचा आहे

‘पीजीपी २०१८ मध्येच फुटलं. आता एस/माइमच वापरा. त्यात सर्टिफिकेट असतं, म्हणून समोरच्याची खात्री पटते आणि अख्खी मेल झाकली जाते.’ हा सल्ला माहीतगार माणसंही बिनदिक्कत पुढे पाठवतात, म्हणून त्यातलं एकेक विधान तपासायला हवं. पीजीपी (त्याचं खुलं मानक म्हणजे ओपनपीजीपी) आणि एस/माइम या मेल एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे मजकूर फक्त घेणाऱ्यालाच वाचता येईल असा बंद करायच्या, दोन पद्धती आहेत.

‘पीजीपी फुटलं.’ रोख मे २०१८ मध्ये उघड झालेल्या ईफेल हल्ल्याकडे आहे. पण तो हल्ला दोन्हींवर होता आणि झळ एस/माइमला जास्त बसली. संशोधकांनी तपासलेल्या एस/माइमच्या ३५ मेल प्रोग्रॅमपैकी २३ बळी पडले, ओपनपीजीपीच्या २८ पैकी १०. मेल उलगडणारी खासगी किल्ली कुणाच्याच हाती लागली नव्हती. हल्लेखोर हाती आलेल्या एन्क्रिप्टेड मेलमध्ये फेरफार करून ती पुन्हा पाठवायचा. प्रोग्रॅम ती उलगडून एचटीएमएलमधलं बाहेरचं चित्र आणायला जायचा आणि त्या चित्राच्या पत्त्यातून मजकूरच बाहेर पडायचा. असा फेरफार ओळखायची सोय ओपनपीजीपीत तेव्हाही होती, काही प्रोग्रॅम तिचा इशारा डावलत होते. एस/माइमच्या मानकात ती २०१९ च्या ४.० आवृत्तीत आली. ज्याला जास्त फटका बसला त्याच्याकडेच लोकांना पाठवणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

‘सर्टिफिकेट म्हणजे खात्री.’ सर्टिफिकेट म्हणजे ही किल्ली अमुक मेल पत्त्याची आहे, असा एखाद्या संस्थेने दिलेला डिजिटल दाखला. पण खात्री कशाची? साध्या सर्टिफिकेटसाठी फक्त तो मेलबॉक्स तुमच्या ताब्यात आहे एवढंच बघतात, नाव नाही. शिवाय देणाऱ्या संस्थेवर भिस्त ठेवावी लागते. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजिनोटार या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेत घुसखोरी झाली आणि तिच्या नावाने वेबसाइटची खोटी सर्टिफिकेटं निघाली. ओपनपीजीपीत हा मध्यस्थ नसतो, पण समोरच्याच्या किल्लीचा फिंगरप्रिंट, म्हणजे तिची ओळख पटवणारा अक्षर-आकड्यांचा कोड, पडताळायचं काम तुमच्यावर येतं आणि बहुतेक जण ते टाळतात. खरी निवड इथे आहे. संस्था सगळ्या कर्मचाऱ्यांना सर्टिफिकेट देत असेल तर एस/माइमच सोयीचं, आउटलुक आणि ॲपल मेलमध्ये ते आधीपासून आहे. पत्रकार आणि त्याला माहिती देणारा यांच्यात मात्र सामाईक संस्था नसते. त्यांनी ओपनपीजीपी घ्यावं आणि फिंगरप्रिंट फोनवर वाचून दाखवावा.

‘अख्खी मेल झाकली जाते.’ नाही. पाठवणारा, घेणारा, वेळ दोन्हींत उघडी राहते आणि बहुतेकदा विषयाची ओळही. तिथे गुपित लिहू नका.

एक गोष्ट या सल्ल्यात येतच नाही. मुदत संपली म्हणून जुनं सर्टिफिकेट खासगी किल्लीसकट पुसलं, तर त्या किल्लीसाठी एन्क्रिप्ट झालेल्या जुन्या मेल पुन्हा उघडत नाहीत. मानक कुठलंही घ्या, किल्लीची प्रत आधी सुरक्षित ठेवा.